शेवटच्या पानावरचे सात फुगे

गल्लीत तिला सगळे बत्तिशीवाली म्हणतात, आणि त्याचा तिला मुळीच राग येत नाही. का यावा? गेली तीस वर्षं ती लोकांच्या कवळ्या आणि दातांवरच्या कॅप बनवते. डॉक्टर जबड्याचं माप पाठवतात, ही त्यात प्लास्टर ओतते, मेणात दात बसवते, घासूनपुसून चकाचक करून परत पाठवते. दात कोरून पोट भरत नाही असं कुणी म्हणालं, की ही कमरेवर हात ठेवून विचारते, "मग माझं काय हवेवर भरलं?"

तर अशी ही बाई, एका शनिवारी कामावरून थेट कॉमिक्सच्या मेळाव्यात जाऊन उभी राहिली. पर्समध्ये कॅप भाजायच्या नव्या भट्टीचे पैसे. जुनी भट्टी म्हातारी झाली होती, चारांतली एक कॅप हमखास तडकवायची. त्या भट्टीसाठी दोन वर्षं पैसे बाजूला टाकले होते आणि आता ते एका कागदावर घालायला ही निघाली होती. वेड लागलं होतं का? थोडं लागलं होतंच.

झालं होतं असं. तिचे वडील एका छापखान्यात कॉमिक्सची अक्षरं लिहायचे. पात्रांच्या तोंडून निघणारे संवाद ज्या गोलात असतात, त्यांना छापखान्यात फुगे म्हणत. तिथला चित्रकार महाहट्टी. फुग्यांना जागा सोडायची म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. "आधी माझं चित्र, मग तुमची बडबड!" असं म्हणून तो चौकट काठोकाठ भरून द्यायचा. मग वडिलांनी करायचं काय? ते फुगे वेगळ्या कागदावर काढायचे, त्यात अक्षरं लिहायचे, कात्रीने कापायचे आणि चित्रावर डकवायचे. संध्याकाळी हे काम घरच्या टेबलावर चालायचं. लहानपणी ती शेजारी बसून बघायची. उद्गारचिन्हाखालचं टिंब देताना ते हळूच "हूं" करून श्वास सोडायचे. टिंब असं गोल, की वाटावं मोहरीच ठेवली आहे.

आणि गंमत म्हणजे घरात त्यांच्या हातचं एक अक्षर उरलं नव्हतं. फुगे सगळे छापखान्यात गेले. घरी दूधवाल्याला चिठ्ठी लिहायची म्हटली तरी ते बायकोला सांगायचे, "तूच लिही गं, माझी शाई संपली." ती अकरा वर्षांची असताना ते आजारी पडले. तिला सहा महिने मावशीकडे ठेवलं. परत आली त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. त्याच सुमारास छापखाना बंद पडला, पुढे चित्रकारही गेला आणि त्याच्या मूळ पानांना सोन्याचा भाव आला. अक्षरं कुणी लिहिली हे कोण विचारतंय!

महिन्यापूर्वी तिने मोबाइलवर एका विक्रेत्याच्या यादीत त्या छापखान्याच्या शेवटच्या अंकाचं शेवटचं पान पाहिलं. फोटो मोठा केला. सातव्या फुग्यातलं उद्गारचिन्ह, खाली ते मोहरीसारखं टिंब. तिला रडूच आलं. बाबा! दुसरं कोण असणार?

आईला सांगितलं तर आई एकदम उसळली. "नको त्या पानाच्या नादी लागूस. भट्टी घे." पैशांचा हिशेब बघून आई घाबरली असेल, असं हिला वाटलं.

मेळाव्याचा हॉल म्हणजे नुसती झुंबड. कुणी मुखवटे घालून हिंडत होतं, कुणी जुन्या अंकांच्या खोक्यांत मान खुपसून बसलं होतं. विक्रेत्याच्या टेबलावर ती पोचली तेव्हा पान काचेखाली होतं, आणि किंमत यादीतल्या किमतीच्या दीडपट.

"अहो, यादीत तर वेगळीच होती!"

"ती महिन्यापूर्वीची, ताई. शेवटचा अंक आहे हा. चित्रकाराचा हात बघा की."

चित्रकाराचा हात गेला खड्ड्यात, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तिने दातांच्या कण्या केल्या. अर्धा तास घासाघीस करून भाव बरोबर भट्टीच्या किमतीवर आणला. म्हणजे पर्समधला शेवटचा पैसासुद्धा. हात पर्सकडे गेला आणि तिथेच अडला. सोमवारी तडकलेल्या कॅप घेऊन डॉक्टरसमोर काय तोंड घेऊन उभं राहायचं? ती कोपऱ्यात गेली आणि तिने आईला फोन लावला.

"आई, घेऊ का गं? बाबांच्या हातचं आहे."

आई म्हणाली, "सांगितलं ना, नको!" आणि तिने फोन ठेवला.

आता आईशी भांडण झालं तरी चालेल, असं ठरवून ती माघारी आली. पण टेबलासमोर टोपी घातलेला एक गृहस्थ उभा होता आणि विक्रेता त्याला पावती देत होता. पान गेलं! दहा मिनिटांत गेलं! तिथल्या खुर्चीवर ती मटकन बसली. पैसे वाचले याचा आनंद वगैरे काही नाही. बाबा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं आणि या वेळी तिच्याच चेंगटपणामुळे.

टोपीवाला काचेवर वाकून वाकून बघत होता. "पान उत्तम आहे हो, पण हे फुगे! सगळं चित्र झाकलंय यांनी. काढता नाही येणार?"

विक्रेता कचरला. "येतील, पण चाळीस वर्षांचा गोंद आहे. ओढले आणि खालचं चित्रच फाटलं तर माझ्या नावाने शंख कराल."

बत्तिशीवाली ताडकन उठली. "मी काढते."

दोघे तिच्याकडे बघतच राहिले. तिने पर्समधून मेण कोरायची पातळ पाती काढली. ती पाती तिच्या पर्समध्ये कंगव्यासारखी कायम असते. "मी कवळ्या बनवते. लोकांच्या जबड्याच्या मापातून दाणाभर प्लास्टर न तुटता सोडवते. गोंद वाळून पापड झालाय, बघा, कडा आपोआप उचलल्यात. चित्राला ओरखडासुद्धा येणार नाही."

"आणि मजुरी?" टोपीवाल्याने विचारलं.

"ते फुगे मला द्या."

विक्रेता हसला. "ते? कचराच तो. घ्या की!"

तिला हसू आवरेना. विक्रेत्याने काच बाजूला केली, तिने एक मोठा श्वास घेतला आणि कडेकडेने पाती सरकवत गेली. घाई नाही, जोर नाही. एकेक फुगा सुटत गेला. खालचं चित्र कालच काढल्यासारखं ताजं. तिसऱ्या फुग्याखाली तर एक मांजर निघालं, होडीच्या टोकावर बसलेलं. ते चित्रकाराशिवाय आजवर कुणी पाहिलंच नव्हतं! टोपीवाला लहान मुलासारखा टाळ्या पिटायला लागला. "मांजर! अहो, मांजर आहे इथे!" चार लोक गोळा झाले, भिंगं निघाली, सगळे मांजरावर तुटून पडले. बत्तिशीवालीने सातही फुगे वहीच्या पानांत ठेवले आणि तिथून जी सटकली ती मागे वळून न बघता. कुणाला काही सुचायच्या आत बाहेर पडलेलं बरं. रस्त्यावर आल्यावर तिने असा सुस्कारा सोडला की शेजारून जाणाऱ्या माणसाने वळून पाहिलं. भट्टीही आली आणि बाबाही आले. आणखी काय पाहिजे?

घरी आई स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसली होती. हिने टेबल पुसलं आणि सातही फुगे ओळीने मांडले.

"पैसे नाही गेले. एकही नाही. फुकट मिळाले. तू उगीच चिडलीस."

आई शेंगांना चिकटून राहिली. वर बघेना.

"अगं बघ तरी! हा सातवा. या टिंबावरूनच ओळखलं मी. चाळीस वर्षांनी ओळखलं! असं टिंब दुसऱ्या कुणाला जमेल का?"

आईने हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग बोटाने दोन फुगे अलगद एका बाजूला सरकवले. "हे दोन त्यांचे. सकाळी हात जरा स्थिर असायचा, तेव्हा छोटे छोटे लिहायचे." मग सातवा धरून उरलेल्या पाचांवर तळहात ठेवला. "हे माझे."

"काय?"

"तू मावशीकडे होतीस. त्यांच्या हाताला कंप सुटला होता, ब्रश धरवेना. छापखान्यात कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. मग औषध कुठून आणायचं? ते शेजारी बसून सांगायचे, मी लिहायचे. टिंब देताना श्वास सोड, म्हणायचे." आईने चष्मा काढला. "लबाडीच होती ती. पगार त्यांच्या नावाचा, अक्षर माझं. कुणाला म्हणून सांगितलं नाही. तू पान आणायचं म्हणालीस आणि माझं धाबं दणाणलं. तिथे पारखी लोक असतात. कुणीतरी म्हणेल, हे अक्षर त्या माणसाचं नाही. मेलेल्या माणसाचं नाव खराब होईल, असं वाटलं."

बत्तिशीवालीची दातखीळच बसली. मग तिने खुर्ची ओढून आईला खेटून बसायला जागा केली.

"अगं, भिंगं लावून बघत होते ना ते सगळे! मांजर बघत होते. तुझ्या अक्षरांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही."

"कुणालाच नाही कळलं?"

"कुणालाच नाही."

आईने डोळे पुसून हळूच विचारलं, "आणि तुला?"

"मला? मी तर तुझ्या टिंबावर भट्टी ओवाळून टाकायला निघाले होते."

यावर आई खुदकन हसली, आणि हसता हसता तिचे डोळे पुन्हा भरले. तिने सातवा फुगा उचलून खिडकीच्या उजेडात धरला, तिरपा केला, जवळ आणला, लांब नेला.

"मग जमलं होतं म्हणायचं मला," ती म्हणाली.