सोमवारच्या गोळ्या

बेंबळीच्या नागूबाईनं उभ्या आयुष्यात कुणाच्या शब्दावर शेळी विकत घेतली नाही. नवरा गेला तेव्हा शिवराज पाळण्यात होता. शेळ्यांवरच तिनं त्याला वाढवलं. विकणारा कितीही शपथा घेऊ दे, ती शेळीचं तोंड उघडून दात बघणार, कास दाबून बघणार आणि वर विचारणार, “लंगडती का रं ही?”

साठी ओलांडल्यावर तिची कंबर धरली, बरगड्या ठणकायला लागल्या. सोलापूरच्या डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर सांगितला, तेव्हा तिनं शिवराजला पहिली गोष्ट विचारली ती ही, “रगत माझंच तपासलं का? बाटल्या बदलल्या न्हाईत न्हवं?”

उपचार सुरू झाले. दर सोमवारी सोलापूरला पोटात इंजेक्शन, आणि त्याच दिवशी स्टेरॉईडच्या मूठभर गोळ्या. शिवराज धाराशिवच्या एसटी डेपोत मेकॅनिक. त्याला सारखी रजा मिळायची नाही, म्हणून सून अयोध्या तिला घेऊन जायची.

दुखणं हळूहळू कमी झालं, पण दुसरंच सुरू झालं. पायाच्या बोटांना मुंग्या यायच्या. पोट साफ व्हायचं नाही. तोंड सुजून गोल झालं, साखर वाढली, झोप उडाली. डॉक्टरांनी सांगितलं तसं अयोध्येनं सगळं बदललं. पिण्याचं पाणी उकळून, ताटवाटी गरम पाण्यानं धुऊन वेगळी, चहा बिनसाखरेचा. सर्दी-खोकल्याचं माणूस आलं तर दारातूनच माघारी.

नागूबाईला ते निराळंच दिसलं. माझं गोड तोडलं. माझी माणसं तोडली. ताट वेगळं केलं. आणि भाजीला ही लोखंडासारखी चव कुठून येते?

एका मंगळवारी शेजारची कोंडाबाई आली. अयोध्या तिच्याशी दारातच हळू आवाजात काहीतरी बोलली आणि ती परत गेली.

“काय सांगितलंस तिला?” नागूबाईनं विचारलं.

“त्यांना खोकला हाय, आत्याबाई. तुमाला बाधंल.”

“मग कानात कशाला सांगायचं?”

“कानात न्हाय. तुमचा डोळा लागला आसंल म्हणून हळू बोलले.”

“मला कुठं झोप हाय! तुला ठाव हाय की.”

अयोध्या गप्प आत गेली. तिचं हे गप्प बसणंच नागूबाईला खटकलं. ज्याच्या पोटात काही नाही तो भांडतो, असा तिचा हिशेब. त्या दिवसापासून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसू लागली. मिठाचा डबा उघडला की बघायची. अयोध्या फोनवर बोलायला अंगणात गेली की मागोमाग जाऊन शेळ्यांना उगाच पाला टाकायची. शेळ्याही रोज दोनदा मोजायची. सून एखादी परस्पर विकेल, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

शिवराजला तिनं एकदा सांगून बघितलं. तो म्हणाला, “माय, ती तुझं सगळं करती, आन् तू...” पुढचं तिनं ऐकलंच नाही. पोरगाही फितला, एवढं तिला कळलं.

पुढच्या मंगळवारी अयोध्येनं दोघींची ताटं वाढली, तसं नागूबाईनं आपलं ताट तिच्यापुढं सरकवलं.

“हे तू खा. तुझं मला दे.”

अयोध्येनं एकदा तिच्याकडं बघितलं, मग भाकरी मोडली आणि खायला लागली. नागूबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. तोंड वाकडं झालं नाही. तिनं सुनेच्या ताटातली भाजी तोंडात घातली. तीच लोखंडी चव.

“तुला कशी लागती ग?”

“मीठ कमी हाय. बाकी चांगली हाय.”

नागूबाईनं ताट बाजूला सारलं. भाजीत काही नाही, एवढं सिद्ध झालं. मग उरल्या गोळ्या. त्या तरी दवाखान्याच्याच कशावरून? औषधाच्या दुकानातून पिशवी आणते अयोध्याच.

पुढच्या सोमवारी अयोध्येनं नाश्ता झाल्यावर गोळ्या हातावर दिल्या. नागूबाईनं पाण्याचा घोट घेतला, मान मागं टाकली आणि गोळ्या कनवटीला खोचल्या. इंजेक्शन तेवढं घेतलं.

त्या आठवड्यात अंग गळून गेलं, उठावंसं वाटेना. तोंडातली चव तशीच होती. पण झोप लागली. मंगळवारी अयोध्या अंगणात फोनवर बोलत होती आणि नागूबाई आत पडून तिचं बोलणं ऐकत होती. ती आपल्या आईशी बोलत होती. आत्याबाईंचे पाय रातंदिस आग करतात, तेल चोळलं तरी उतार नाही, असं सांगताना तिचा आवाज भरून आला. नागूबाईला त्यात काही काळंबेरं सापडलं नाही. बराच वेळ शोधलं तरी सापडलं नाही.

पुढच्या सोमवारी सोलापूरला डॉक्टरीण बाईंनी विचारलं, “गोळ्या वेळेवर घेता ना?”

नागूबाईनं कनवटीतून गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या. “मागल्या खेपेच्या. खाल्ल्याच न्हाईत.”

अयोध्या दचकली. डॉक्टरीण रागावल्या नाहीत. “मग कसं वाटलं?”

“अंगातलं बळ गेलं. पर झोप लागली.” ती थांबली. “आन् ही पोरगी बरी वाटली.”

डॉक्टरीण बाईंनी अयोध्येकडं बघितलं. “घरी राग, संशय, असं काही वाढलं होतं का?”

अयोध्या खाली बघत म्हणाली, “घरातलं दवाखान्यात काय सांगायचं, म्हणून...”

“सांगायला पाहिजे होतं. स्टेरॉईडनं काहींचं डोकं असं होतं. गोळी घेतल्यावर दोन-तीन दिवस जोर असतो, मग उतरतं. पण आजी, आपल्या मनानं औषध बंद करायचं नाही. मी डोस निम्मा करते. पायाच्या मुंग्या इंजेक्शननं येतात, त्याचंही प्रमाण बदलू.”

येताना एसटी तुळजापूरला थांबली. मग खिडकीबाहेर बघत नागूबाई म्हणाली, “लई वंगाळ बोलले का ग म्या?”

“बोललात,” अयोध्या म्हणाली. पदराच्या टोकानं तिनं डोळे पुसले.

निम्म्या गोळ्यांनी फरक पडला, सगळा नाही. मंगळवारी नागूबाई अजून चिडते. पण आता ती आदल्या रात्रीच सांगून ठेवते, “उद्या म्या काय बोलले तर मनावर घेऊ नको.” आणि दिवसभर शेळ्यांपाशी जाऊन बसते.

मागच्या शुक्रवारी शिवराजनं बाजारातून नवी पाठ, म्हणजे अजून न व्यालेली शेळी, आणली. नागूबाईनं तिचं तोंड उघडलं, दात बघितले आणि म्हणाली, “हिच्या वयात फसवलंय तुला.”

अयोध्या हसली. “आत्याबाई, आज सोमवार-मंगळवार न्हाय.”

“ठाव हाय मला. हे गोळीचं न्हाय, माझं सोताचं हाय,” नागूबाई म्हणाली, आणि शेळीचा मागचा पाय उचलून खूर बघू लागली.