पूजेतल्या पोकळ गोळ्या

आमच्या यांचं जुन्या जालन्यात भुसाराचं दुकान होतं, तेव्हापासूनचं रिव्हॉल्व्हरचं लायसन. मोंढ्याच्या बाजारातून रोकड घेऊन यावं लागायचं ना! दुकान बंद झालं तरी ती सवय काही सुटली नाही. मागे शेजारच्या गल्लीत घरफोडी झाली आणि हे संभाजीनगरच्या बंदुकांच्या दुकानातून, बाहेरदेशी म्हणे, नव्या गोळ्या घेऊन आले. डबी अशी उघडून दाखवली, जसं काही माझ्यासाठी कानातलं आणलंय.

प्रत्येक गोळीच्या टोकाला खळगा.

"ही आत गेली की फुलती," हे म्हणाले. "आरपार जात न्हाई. मागं उभ्या माणसाला धोका न्हाई."

"आन् पुढच्याला?"

"तू चहा ठेव."

सुनेनं मात्र फोनवर साफ सांगितलं, "आई, राग मानू नका. ती वस्तू घरात असेपर्यंत मी पोरीला घेऊन दिवाळीला येणार न्हाई." नात नुकती चालायला लागलेली, दिसेल तो ड्रॉवर उघडणारी. सुनेचं बराबरच होतं. पण यांचं एकच, "कुलपात हाय. तुम्हाला राखायचं काम माझं." हल्ली यांचा हात थरथरतो, हे त्यांना सांगायचं कुणी?

दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड पाटावर मांडतात. विळी, कात्री, दुकानातला तराजू, आणि रिकामं केलेलं रिव्हॉल्व्हर. यंदा शेजारी गोळ्याही मांडून हे अंघोळीला गेले. मी हळदी-कुंकू वाहत सुटले. इतर ठिकाणी नुसतं बोट टेकवायचं, इथं तर आयती जागा केलेली! तेलात कालवलेलं कुंकू एकेकीत दाबून भरलं, वर अक्षता. मला अजूनही त्यात काही वावगं वाटत नाही.

"अगं, काय करून राह्यलीस!"

"पूजा. दुसरं काय?"

"ह्या आता उडतील का बिघडतील, कोण सांगणार?"

चष्मा चढवून हे काडीनं कुंकू उकरायला बसले. बोटं तेलकट, त्यात हात थरथरता. एक गोळी निसटली आणि गडगडत गेली. दोघंही गुडघे धरून वाकलो, डोक्याला डोकं आपटलं. ती सापडली कोपऱ्यात, नातीच्या पांगुळगाड्याच्या चाकापाशी.

यांनी ती उचलली. आधी गोळीकडे, मग पांगुळगाड्याकडे बघितलं.

"पोरीनं तर तोंडातच घातली असती गं," एवढंच म्हणाले.

मी डोकं चोळत बसले.

दुसऱ्या दिवशी रिव्हॉल्व्हर आणि गोळ्या, सगळं त्याच दुकानात रीतसर जमा करून आले. आल्या आल्या सुनेला फोन.

"ये बाई तू. बिलकुल बिनघोर ये. घरात आता फक्त तुझी सासू हाय."

"मंग चोराचं काही खरं न्हाई, बाबा," ती म्हणाली, आणि हे इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.