पारामारिबोची म्हातारी

कानडी मुलखातल्या हिनकलच्या वनजाबाई सुरिनामहून, मुलाकडून परतल्या, तेव्हा लेक सुमा आणि पुण्याचे जावई प्रद्युम्न मुद्दाम भेटायला आले.

वनजाबाई रंगून सांगत होत्या. पारामारिबो नदीकाठचं शहर. पाणी चहासारखं गढूळ, आणि समुद्र जवळ म्हणून नदीलाही भरती यायची. बाजारात भाजी विकणाऱ्या एका म्हातारीने त्यांची साडी पाहून हातच धरला. "हमार आजा ओही देस से आइल रहा," म्हणाली आणि रडायला लागली. तिच्या आजोबांना मळ्यात राबायला जहाजाने तिकडे नेलं होतं. ते परतलेच नाहीत.

प्रद्युम्न हसले. "काय ही मोडकीतोडकी हिंदी!"

वनजाबाईंनी कॉफीचा लोटा खाली आदळला. जावयाला त्या आजवर कधी उलट बोलल्या नव्हत्या.

"हसता काय? लग्नात तुमची माणसं माझ्या मराठीला अशीच हसली. मी गप्प बसले, तेच चुकलं. आमचे पूर्वज इथल्या राजाच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. इतक्या पिढ्या कानडी मुलखात राहून आम्ही घरात मराठी बोलतो. त्या बाईनं तर समुद्रापलीकडं भाषा जपली. एन्री, काय हो, मोडकं काय आहे त्यात?"

प्रद्युम्न ओशाळले.

सुमा लग्नापासून नवऱ्यासमोर शब्द तोलून, अगदी पुणेरी बोलायची. ती आईजवळ सरकली आणि कानडी मिसळलेल्या घरच्या मराठीत म्हणाली, "आमेले एनायतु, आई? सांग की पुढं काय झालं."