फुकटच्या जागेत ठेवलेला शब्दकोश

त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात कॅमेरेवाली माणसं फार येत. शेतीची दैना टिपायची आणि फोटो त्याच दिवशी दिल्ली-मुंबईला पाठवायचे, असं त्यांचं काम. अमरावतीला बस स्टँडजवळ माझं डीटीपी सेंटर होतं, त्यामुळे बरेचजण माझ्याच खुर्चीत येऊन बसत. एरवी माझा दिवस नुकसानभरपाईचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करण्यात जाई.

अशाच एका फोटोवाल्याकडून मी ती साइट शिकले. ई-मेलला न झेपणारी फाइल तो तिथे चढवायचा. साइट एक लांबलचक लिंक द्यायची. ती लिंक ज्याला कळवली त्याने जगात कुठूनही फाइल उतरवून घ्यायची.

"पैसे कोण भरतं?" मी विचारलं.

"कुणीच नाही. फुकट आहे."

"जागा कुणाची?"

"माहीत नाही, मॅडम. पण चालतं."

रेशनकार्डाची झेरॉक्स जोडल्याशिवाय साधा दाखला मिळत नाही, अशा दुनियेत मी वीस वर्षं कागद टाइप केले. या साइटने माझं नावसुद्धा विचारलं नाही. एक मिनिट थांबा म्हणायची, तोवर जाहिराती दाखवायची, आणि काम करून द्यायची. नियम एकच होता: सलग तीस दिवस कुणी फाइल उतरवली नाही तर ती काढून टाकू. तो फोटोवाला गेल्यावर मी पडद्याकडे बराच वेळ बघत बसले होते. मी सहसा अशी बसत नाही.

त्याच सुमारास धारणीकडच्या एका शाळेतली शिक्षिका माझ्याकडे आली. तिने कोरकू भाषेचे शब्द जमवले होते, मराठी अर्थासकट. "ताई, पोरायले मराठी समजत नाही अन् मास्तरायले कोरकू. मंग पोरं पहिलीतच शाळा सोडतात," ती म्हणाली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या म्हातारीने तिला निम्मे शब्द सांगितले होते. ती म्हातारी आदल्या वर्षी वारली. मेळघाटातल्या पावसात तिचं शाळेचं क्वार्टर गळून वह्यांचा लगदा व्हायला लागला, तेव्हा ही उरलेल्या वह्या पिशवीत घालून एसटीने अमरावतीला आली. पानं एकमेकांना चिकटलेली. उलटली की फाटायची. ती वाचायची, मी टाइप करायची. शाळेतल्या मुलांनी काढलेली झाडापाखरांची चित्रंही स्कॅन करून घातली. काम संपेपर्यंत वह्यांमध्ये वाचण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

छपाई अकोल्याला ठरली. तिथल्या प्रेसचे मालक वयस्कर, सगळे त्यांना चाचा म्हणत. आधी मी एसटी ड्रायव्हरच्या हाती सीडी पाठवली. दुसऱ्या दिवशी चाचांचा फोन आला. "बेटा, तुह्या सीडीचे दोन तुकडे झाले. कोणता तुकडा लावू?" म्हणून मग मी सगळी फाइल त्या फुकटच्या जागेत चढवली आणि चाचांना लिंक कळवली. त्यांनी ती उतरवून घेतली असणार, असं धरून मी पुढच्या कामाला लागले. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं यांतून वेळ मिळेल तसं चाचा शब्दकोशाचं काम करत होते. चार महिन्यांत 'न'पर्यंतची पानं छापून झाली.

मग एका शुक्रवारी सकाळी लोडशेडिंग संपून वीज आली ती झटका देऊनच आली. कॉम्प्युटरमधून जळका वास आला. मी शहाणपणाने फाइलची दुसरी प्रत ठेवली होती, पण तीही त्याच डब्यातल्या दुसऱ्या डिस्कवर. दोन्ही गेल्या. असा मूर्खपणा दुसऱ्या कुणी केला असता तर मी त्याला चांगलं झापलं असतं.

शिक्षिका त्याच दिवशी प्रुफं न्यायला आली होती. मी तिला सरळ सांगितलं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "म्हातारीले आता कुठून आणू, ताई?"

मी अकोल्याला फोन लावला.

"चाचा, कोरकूचं मॅटर तुमच्याकडे आहे ना?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"काल सांजच्याले पुसलं. रोजच पुसतो. शिशाचे खिळे जुळवून छापाच्या जमान्यापासून आमचा कायदा हाय, सांज झाली का खिळे आपापल्या खणात. दुसऱ्याचा मजकूर घरी मुक्कामाले ठेवाचा नाही. एक डाव लग्नाच्या पत्रिकेत तेरवीची ओळ राहून गेली होती. पोरीचा बाप मारायले आला होता मले!"

"चाचा, कॉम्प्युटरमध्ये कुठले आले खिळे?"

"कायदा तो कायदा. चिल्लावून काहून राहिली?"

मी फोन आपटणारच होते. तेवढ्यात डोक्यात आलं.

"काल पुसलं म्हणता, मग काल ते आलं कुठून?"

"कुठून म्हणजे? सकाळी उतरवलं ना! रोज सकाळी तुह्या त्या लिंकेवरून उतरवतो, दिवसभर पानं लावतो, सांजच्याले पुसतो. आज जुम्मा, प्रेस बंद, म्हणून नाही उतरवलं."

कोपऱ्यात माझा आधीचा जुना कॉम्प्युटर पडून होता, तो मी चालू केला. लिंक कॅलेंडरच्या मागे लिहिलेली होती. ती घातली आणि पान उघडलं. फाइलचं नाव, खाली किती वेळा उतरवली त्याचा आकडा. ऐंशीच्या वर होता. चाचांनी एकदाच उतरवून जपून ठेवली असती, तर साइटने ती केव्हाच काढून टाकली असती. रोज पुसणाऱ्या माणसाने ती जिवंत ठेवली होती.

दुपारी एकला पुन्हा वीज जायची होती. फोनच्या लाइनवरून फाइल मुंगीच्या पावलाने उतरत होती. आम्ही दोघी पडद्यावरची ती पट्टी भरताना बघत बसलो. मध्ये कुणी अर्जाला आलं, त्याला मी हातानेच थांब म्हटलं. एकला पाच मिनिटं असताना पट्टी भरली. फाइल उघडली. 'प'पासून सगळं जागेवर होतं, चित्रंसुद्धा. शिक्षिकेने पडद्यावर बोट ठेवून एक एक शब्द वाचायला सुरुवात केली, शाळेत मुलांना शिकवतात तसा, मोठ्याने. मी आधी तीन सीड्या काढल्या, मग चाचांना फोन केला.

"मंग? उद्यापासून पुसू नको म्हणतं का?"

"खुशाल पुसा. पण उतरवायला विसरू नका."

फोन ठेवला तेव्हा शिक्षिका वाचायची थांबली होती. "ताई, हे इतके दिवस होतं कुठं?"

कुठल्या देशात, कुणाच्या इमारतीत, कोणत्या मशीनवर त्या म्हातारीचे शब्द चार महिने राहिले, आणि ज्याची ती मशीन त्याला कोरकू नावाची भाषा आहे हे तरी ठाऊक असेल का? खोलीत पंखा बंद पडला, पडदा काळा झाला, तरी आम्ही दोघी तिकडेच बघत होतो.

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि एक सीडी तिच्या पिशवीत घातली.