दोनशेचा घाणा

मला वाट बघता येत नाही. एसटी दहा मिनिटं उशिरा आली तरी मी स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी जाऊन भांडते, आणि घरचे तेवढ्या वेळापुरते माझ्यापासून चार हात लांब जाऊन उभे राहतात. नोकरीत मात्र हा स्वभाव गुण समजला गेला. माझं डोकं तिथेच फिरलं असणार.

परभणीत एका ठेकेदार कंपनीच्या तक्रार कक्षात मी कामाला होते. खेड्यापाड्यांतल्या विजेच्या तक्रारी आमच्याकडे यायच्या. डीपी जळाला, तार तुटली, पोल वाकला. प्रत्येक तक्रारीचं एक तिकीट तयार व्हायचं आणि पुढचं सगळं आपोआप चालायचं. प्रोग्राम तिकिटं उचलायचा, कोणतं कोणत्या लाइनमनचं ते ठरवायचा, त्याच्या मोबाइलवर पाठवायचा, आणि त्याने काम झालं असं कळवलं की ते तिकीट पुन्हा रांगेत घेऊन ज्यांना कळवायचं त्यांना मेसेज करायचा. पण तो तिकिटं एकेक उचलत नसे. दर पाच मिनिटांनी पंचवीस तिकिटं एकदम घ्यायचा. कढईत भज्यांचा घाणा सोडतात तसं ते होतं, म्हणून आम्ही त्याला घाणाच म्हणायचो. रांग एरवीही तासाभराची असायची. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, माझ्याशिवाय.

त्या वर्षी वैशाखात एका दुपारी असं वारं सुटलं की अर्ध्या जिल्ह्यातल्या तारा लोंबकळायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर तिकिटांचा डोंगर. पंचवीस-पंचवीसने उपसायचा म्हटलं तर दुसरा दिवस उजाडला असता. फोनवर लोक आमचा उद्धार करत होते, आणि आमचे साहेब दर थोड्या वेळाने येऊन माझ्या खुर्चीमागे नुसते उभे राहत होते. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं, असं मला वाटत होतं.

मी घाण्याचा आकडा वाढवायला घेतला. पन्नास केला, काही बिघडलं नाही. शंभर केला, तरी ठीक. चारशेला सर्व्हरने मान टाकली, तेव्हा दहा मिनिटं माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग दोनशेवर आणला आणि तिथे गाडी रुळावर आली. दुपारी बाराच्या आत रांग रिकामी झाली. नवं तिकीट आलं की पाच मिनिटांच्या आत मार्गी लागत होतं. साहेबांनी वरच्या ऑफिसला मेल केला, सगळ्यांसाठी चहा सांगितला. मी फुगले होते. खोटं कशाला सांगू?

तिकिटांमध्ये एक प्रकार परमिटचा असायचा. लाइनमन पोलवर चढण्याआधी सबस्टेशनमधून त्या भागाची लाइन बंद करून घ्यायची, त्याला परमिट घेणं म्हणतात. काम संपवून तो खाली उतरला की मोबाइलवर 'काम झालं' दाबायचा. ते तिकीट घाण्यात आलं की सबस्टेशनच्या ऑपरेटरला आपोआप मेसेज जायचा, परमिट परत आलं, लाइन सुरू करा. पूर्वी म्हणे लाइनमनने स्वतः फोन करून सांगितल्याशिवाय कुणी हात लावत नसे. आमचा प्रोग्राम आल्यापासून मेसेज आला की पुरे, असं झालं होतं.

चहा अजून अर्धाच झाला होता, तेवढ्यात बोरीकडच्या एका सबस्टेशनमधून ऑपरेटरचा फोन आला. म्हातारा होत आलेला माणूस, आवाज संथ. त्याने विचारलं की परमिट परत आल्याचा मेसेज आलाय तो खरा का, कारण लाइनमन तर आत्ताच त्याच्या दारावरून गेलाय, शिडी घेऊन. मी म्हटलं, काम न करताच त्याने 'काम झालं' कसं दाबलं? मला त्या न बघितलेल्या लाइनमनचा रागच आला.

"सगळेच तसं करतेत, मॅडम," तो म्हणाला. "शिवारात रेंज न्हाई. सडकंवर रेंज हाय तवर दाबून जातेत. तुमचं मशीन तासभर लावतंय, तवर काम होतंय की."

आमच्या खोलीत बसलेल्यांना सोडून ही गोष्ट सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होती. आमच्या रांगेचा तो तास, ज्याच्यावर मी सकाळपासून दात खात होते, तो पोलवरच्या माणसांचा होता.

मी त्याला लाइन सुरू करू नका म्हणून सांगितलं आणि प्रोग्राम थांबवला. पण गेलेले मेसेज परत बोलावता येत नाहीत. पंचवीसच्या घाण्यात परमिट एखादंच असायचं. या दोनशेच्या घाण्यात पाच होती, आणि पाचही मेसेज एकदम गेले होते. एक बोरीचं, ते थांबलं. उरली चार.

पहिले तीन फोन लागले. एका ठिकाणी काम खरोखरच संपलेलं होतं. बाकी दोन ऑपरेटरांनी अजून स्विचला हात लावला नव्हता. मी काय बोलतेय ते त्यांना नीट कळत नव्हतं, कारण मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. साहेब आता समोर उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

चौथं सबस्टेशन पाथरीकडचं. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ऑपरेटरने उचलला.

"चालू केली की," तो म्हणाला. "मेसेज आला ना तुमचा."

"बंद करा," मी म्हटलं. "आधी बंद करा, मग बोला."

त्याने लाइन बंद केली. मग आम्ही लाइनमनला फोन लावत राहिलो. तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता, ते मला माहीतच होतं, तरी लावत राहिले. ऑपरेटरने एक माणूस मोटारसायकलवर शिवाराकडे पाठवला. एवढी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. त्या माणसाचा मला फक्त नंबर माहीत होता. त्याला घरी कोण कोण आहे, पोरंबाळं आहेत का, काही ठाऊक नव्हतं, आणि मी मनातल्या मनात ती सगळी माणसं उभी करत बसले होते.

वीस-पंचवीस मिनिटांनी सडकेवर येऊन लाइनमननेच फोन केला. शिडी पोलला लावून तो खाली तंबाखू मळत उभा होता. तेवढ्यात शेजारच्या विहिरीवरची मोटार आपोआप सुरू झाली आणि पाटात पाणी पडायला लागलं. लाइन बंद असताना मोटार कशी चालेल, म्हणून तो जागच्या जागी थांबला. एवढंच. चिमूटभर तंबाखूने तो वाचला. आवाजावरून तो शांत वाटत होता. मी फोन ठेवला आणि सगळ्यांच्या देखत रडले.

त्याच दुपारी मी परमिटची तिकिटं घाण्यातून बाहेर काढली. ऑपरेटर आणि लाइनमन फोनवर एकमेकांशी बोलल्याशिवाय ती बंद होणार नाहीत असं केलं. साहेबांनी मात्र पाथरीकडच्या त्या लाइनमनला मेमो काढायचं ठरवलं. काम न करता 'काम झालं' दाबलं, हा गुन्हा तर होताच. दोन दिवसांनी त्याला बोलावून घेतलं.

चाळिशीचा, काटक माणूस. चप्पल दाराबाहेर काढून आत आला. साहेबांनी त्याला नियम वाचून दाखवला, त्याने मान हलवत तो ऐकून घेतला आणि चुकलंच म्हणाला. मग माझ्याकडे वळला.

"मॅडम, मशीन जोरात केलंय हे कुणाकुणाला कळवलंवतं?"

मी आठवून सांगायला लागले. साहेबांना. साहेबांनी वरच्या ऑफिसला. सर्व्हर बघणाऱ्या पोरींना मी स्वतः. सांगता सांगता यादी संपली.

"आमाला न्हाई," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, ते जास्त लागलं. "त्या दिशी मशीनला किती टाइम लागत व्हता?"

"फार तर पाच मिनिटं."

"पाच मिनिटांत मी वर पोचलेला असतोय, मॅडम," तो म्हणाला, आणि मेमो घेण्यासाठी साहेबांपुढे हात केला.