माउसवरचा हात

वसुधा मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमिरातीतल्या अल ऐनच्या इस्पितळात ओपीडीत होतो. निरोप ऐकला, "ओके" म्हणालो आणि पुढचा पेशंट आत बोलावला... त्याला आता काही आठवडे झाले, तरी ते "ओके" आठवलं की कान तापतात.

मानसोपचार शिकताना पेशंटशी बोलायचं कसं, हे मॅडमनीच शिकवलं, तेही कॉम्प्युटरवर. नव्वदीच्या अखेरीस ते नवलच होतं. त्यांनी एक खोटा पेशंट तयार केला होता. शिवराम, कोकणातून आखातात आलेला गवंडी. पडद्यावर त्याचा फोटो, खाली प्रश्न. प्रश्नावर क्लिक केलं की रेकॉर्ड केलेला आवाज बांधकामाच्या साइटवरच्या हिंदीत उत्तर द्यायचा. मी धडाधड क्लिक करत सगळ्यांआधी मोकळा झालो आणि ऐटीत निदान सांगितलं. मॅडमनी शिवरामला पुन्हा सुरू केलं. गावाकडे कसं काय, या प्रश्नावर तो म्हणाला, "सब ठीक है साब, आगे पूछिए." माझा हात शिवशिवला. मॅडम म्हणाल्या, "हात मांडीवर." आम्ही थांबलो. एसीची घरघर तेवढी चालू. आणि कुणी काही न विचारता शिवराम बोलू लागला... त्याची मुलगी गेली होती, त्याला मातीलाही जाता आलं नव्हतं. थांबेल त्यालाच हे ऐकू यावं, अशी व्यवस्था मॅडमनी करून ठेवली होती. माझी मान खाली गेली, पण तोंड गप्प बसेना. मशीनला कुठे वाईट वाटतं, म्हणालो.

"त्याला नाही वाटत, नितीन," त्या म्हणाल्या, "पण तुझ्या बोटाला सवय लागते."

मॅडम गेल्याच्या फोननंतरच्या शुक्रवारी शारजाला, अल नहदातल्या त्यांच्या फ्लॅटवर भेटायला गेलो. त्यांच्या यजमानांना मी पहिल्यांदाच भेटत होतो. एका कंपनीत स्टोअर सांभाळणारे अबोल गृहस्थ. ते म्हणाले, "तिला थंडी वाजायची. मी अजून एसी बंदच ठेवतो." आणि मी, इतकी वर्षं पेशंट तपासलेला शहाणा, लगेच विचारता झालो, "जेवण जातं ना, काका? झोप लागते ना?"

काका किंचित हसले.

"सब ठीक है साब, आगे पूछिए."

तोच, शिवरामचा आवाज. मॅडमनी शिवराम घरातूनच उभा केला होता, आणि मी तीच चूक त्याच माणसासमोर पुन्हा केली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन्ही हात मांडीवर ठेवले. मानेवरून घाम ओघळत होता, खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते...

मग काका बोलू लागले.