सासऱ्यांच्या गाडीचा ऑइल पंप

आपल्या हाताने दुरुस्त होणार नाही अशी वस्तू देवाने अजून घडवलेलीच नाही, असं मानणारा माणूस ज्याच्या नात्यात असेल, त्याने रविवार हा वार विसरावा. माझ्या नात्यात तो आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझे साडू. ते कोपरला राहतात, मी ठाण्याला, आणि मधलं अंतर मला वाचवायला कधीच पुरलेलं नाही. त्यांनी आमचा मिक्सर नीट केला, तेव्हापासून तो चटणी वाटत नाही, दाणे नुसते हिंडवून आणतो. त्यांच्या घरची बेल दाबायची नसते, तिला चापट मारायची असते, आणि ती नेमकी कुठे, हे नव्या पाहुण्याला ते दारात उभं राहून शिकवतात. प्रत्येक दुरुस्तीनंतर चार स्क्रू उरतात. "कंपनी जास्तीचे देते हो," म्हणत ते डब्यात टाकतात. या सगळ्यात माझं काम एकच, टॉर्च धरणं.

यंदा त्यांनी सासऱ्यांची गाडी दुरुस्तीला काढली. सासरे गेल्यापासून सासूबाई शहाडच्या घराबाहेर पडायला तयार नव्हत्या. दोन्ही मुली विनवून थकल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "ह्यांच्या गाडीतून न्याल तर येईन दिवाळीला." आम्हाला गप्प करायलाच म्हणाल्या असाव्यात, कारण गाडीचा ऑइल पंप गेलेला होता आणि गॅरेजवाल्याने ती भंगारात द्यायला सांगितलेलं. साडूंनी मात्र तो शब्द उचलला, गाडी ओढून कोपरला आणली आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅकवर चढवली.

"साधी गोष्ट आहे, साडूभाऊ. खालच्या चेंबरमधलं तेल पंप वर खेचतो. तो बसला की इंजिन कोरडं घासून मरतं. पंप बदलला की संपलं." संपलं काही नाही. पट्टा उतरला, पुली उतरली, चेंबर उतरलं, माझे रविवार उतरले. "टॉर्च डावीकडे घ्या. अहो, माझ्या डावीकडे." माझा खांदा भरून यायचा आणि ते गाडीखालून मला इंजिनाचं तत्त्वज्ञान सांगायचे. मधेच दसरा आला. त्यांनी पाने-पक्कड मांडून पूजा केली, गाडीला हार घातला, आणि शेजारी उघड्या पडलेल्या चेंबरलाही झेंडू वाहिला. "सणाच्या दिवशी त्यालाच का उपाशी ठेवायचं?"

दिवाळीच्या तोंडावर सगळं जोडून झालं. या वेळी एकही स्क्रू उरला नाही, म्हणून मी जास्तच घाबरलो. इंजिन सुरू झालं, पण तेलाचा लाल दिवा काही विझेना, म्हणजे तेल वर चढतच नव्हतं. साडूंनी लगेच चावी बंद केली आणि उलट्या बादलीवर बसून राहिले. "आईंना काय सांगू आता?" एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने तेच उठले. "चला, उतरवू परत."

चेंबर उतरलं. पंप जिथून तेल ओढतो त्या जाळीला झेंडूच्या पाकळ्या चिकटून बसल्या होत्या.

"ही तुमची पूजा," मी म्हणालो. मला खरोखर रडू यायचं बाकी होतं. त्यांनी एकेक पाकळी चिमट्याने काढली. मी ती घाण कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघालो, तर हात धरून म्हणाले, "अहो, निर्माल्य आहे ते." आणि त्या तेलाने काळ्या झालेल्या पाकळ्या त्यांनी तुळशीखाली नाही, पण शेजारच्या गुलाबाच्या कुंडीत पुरल्या. सगळं परत जोडलं. या वेळी दिवा विझला.

दिवाळीत आम्ही शहाडला गेलो. सासूबाई गाडीकडे बघत फाटकात कितीतरी वेळ उभ्या राहिल्या आणि मग पुढच्या सीटवर बसल्या. ठाण्यात आमच्या इमारतीखाली गाडी थांबली तरी त्या उतरेनात.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "तलावपाळीवरून एक फेरी मारता का? हे नेहमी मारायचे."

साडूंनी तेलाच्या दिव्याच्या जागेकडे एकदा पाहिलं आणि गाडी वळवली. मी मागे बसलो होतो, मांडीवर फराळाचे डबे, खांदा अजून दुखत होता. पार दमलो होतो, पण ती फेरी संपू नये असं वाटत होतं.